चळवळीच्या गाडीनं बुलढाण्याला येताना: काय करावे, काय टाळावे

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापलं, ते सुरतेकडच्या एका बाईच्या निमित्तानं. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येच्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमीही झाली, पण तोवर वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांच्या जातीलाच धारेवर धरलं होतं. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला असलेल्या बापूजी हरी शिंदे यांची ही मुलगी ते वाचून पेटली आणि तिनं पुस्तकच लिहिलं. त्याच्या नऊ वर्षं आधी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली होती. सुरत असो की अमेरिका, दोघांनीही आधी माहिती काढली आणि मग तोंड उघडलं.

आता प्रवास सोपा झाला आहे. जिजाऊ जन्मोत्सव, भीमजयंती, संविधान दिन, शेतकऱ्यांच्या परिषदा, महाविद्यालयांची शिबिरं, शहरातल्या मंडळींचे ‘अभ्यास दौरे’ असं काही ना काही जिल्ह्यात चालूच असतं. इथली माणसंही चैत्यभूमी, दीक्षाभूमी, महाड, नायगाव गाठतात. येणाऱ्यांसाठी, जाणाऱ्यांसाठी आणि मांडव घालणाऱ्यांसाठी ही यादी आहे. सोबतीला आलेल्या पाहुण्यामुळे यजमानाचं ओझं थोडं तरी हलकं व्हायला हवं, या एकाच मापानं ती केली आहे.

निघण्याआधी

करा: स्टेशन नीट बघून तिकीट काढा. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. शहरात यायचं तर मलकापूरला उतरून राजूर घाट चढायचा. जळगाव जामोदला जाणाऱ्यांनी नांदुरा धरावं, संग्रामपूर आणि खामगावकडच्यांनी शेगाव. सिंदखेड राजाला मात्र जालना जवळ; तिथून तीस-पस्तीस किलोमीटर.

टाळा: नुसतं ‘जळगाव’ किंवा ‘शिंदखेडा’ टाइप करून आरक्षण करणं. जळगाव खान्देशात आहे, जळगाव जामोद आमच्याकडे. शिंदखेडा धुळे जिल्ह्यात, तेही रेल्वेमार्गावर, म्हणून तर माणूस हमखास फसतो. वक्ता धुळ्याकडे आणि श्रोते सिंदखेड राजाच्या राजवाड्यासमोर, असं व्हायला नको.

करा: ‘घाटावर’ की ‘घाटाखाली’ हे विचारून घ्या. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा बोलण्यात या दोनच भागांत वाटलेला आहे. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा घाटावर; मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर घाटाखाली. पाणी वेगळं, पिकं वेगळी, बोलीचा हेलही थोडा वेगळा. सकाळी संग्रामपूर आणि दुपारी लोणार असा कार्यक्रम आखणाऱ्यानं नकाशा उघडलेला नसतो.

करा: गट मोठा असेल तर एसटीच्या आगारात ‘प्रासंगिक करारा’ची चौकशी करा. शाळेच्या सहलीला भाड्यात सवलत मिळते. नेहमीच्या एसटीनं आलात तर मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. ज्येष्ठ कार्यकर्त्यांना ‘तब्येत सांभाळा, घरीच थांबा’ असं परस्पर ठरवून टाकण्याआधी त्यांनाही विचारावं.

टाळा: कार्यक्रम आटोपून रातोरात समृद्धी महामार्गावरून परतणं. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर याच मार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस दुभाजकाला धडकून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. दिवसभर मैदानात ताटकळलेला चालक रात्री एकला सरळ, रिकाम्या रस्त्यावर डुलक्या घेतो. मुक्कामाचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा. चालकाला झोपायला खोली द्या, गाडीतली सीट नको. खामगाव-बुलढाणा रस्त्यावरचा बोथ्याचा घाटही दिवसाउजेडीच पार करावा. तिथलं ज्ञानगंगा अभयारण्य बिबट्या-अस्वलांचं घर आहे.

करा: वाचून या. ताराबाई वाचा, मराठी अवघड जात असलेल्या पाहुण्यासाठी रोझलिंड ओ’हॅन्लन यांचा १९९४चा इंग्रजी अनुवाद आहे. जोतीरावांचं पहिलं चरित्र याच जिल्ह्यातल्या पंढरीनाथ पाटलांनी १९२७ साली लिहिलं, हे इथल्याही अनेक तरुणांना ठाऊक नसतं. व्यासपीठावरून ‘मागास भागात जागृतीची ज्योत’ वगैरे म्हणायची हुक्की आली, तर ही दोन नावं मनात घोकावीत. हुक्की जाते.

टाळा: फॉरवर्ड आलेलं वाक्य फ्लेक्सवर छापणं. बाबासाहेबांच्या नावावर फिरणारं वाक्य त्यांच्या लेखन-भाषणांच्या खंडांत सापडलं तरच छापा. तारखांचंही तसंच. फातिमा शेख यांचा उल्लेख सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात आहे, तो भक्कम आहे. त्यांची जन्मतारीख म्हणून जी छापली जाते, तिच्यामागे तसा कागद दाखवता येत नाही. विरोधकाला हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं?

१२ जानेवारी, सिंदखेड राजा

जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८चा. १९९०मध्ये स्थापन झालेल्या मराठा सेवा संघानं हा जन्मोत्सव नावारूपाला आणला. आता महाराष्ट्रभरातून लाखांनी माणसं येतात. सकाळी लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यात अभिवादन, मग जिजाऊ सृष्टीवर मोठी सभा.

करा: आदल्या दिवशी पोहोचा. जानेवारीत पहाटे थंडी मी म्हणते. स्वेटर, शाल, कानटोपी घ्या. गाडी गावाबाहेर लावून चालत या.

करा: पुस्तकांच्या दुकानांसाठी निदान दोन तास राखून ठेवा. मोठ्या प्रकाशकांच्या यादीत न दिसणाऱ्या पुस्तिका आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या लेखकांनी स्वखर्चानं छापलेली चरित्रं इथं मांडलेली असतात. भाषण नंतर मोबाइलवरही ऐकता येतं. ती पुस्तिका पुन्हा हाताला लागेलच असं नाही.

करा: ‘जय जिजाऊ’ला ‘जय जिजाऊ’, ‘जय भीम’ला ‘जय भीम’ म्हणा. शेगावच्या रस्त्यावर कुणी ‘माऊली’ म्हणून हाक मारली तर ‘माऊली’ म्हणायला काय जातं? अभिवादन परत करताना विचारधारेची तपासणी करत बसू नये.

टाळा: ओळख झाल्याबरोबर ‘पूर्ण नाव काय?’ विचारणं. त्याचा अर्थ इथं सगळ्यांना कळतो. माणूस नुसतं पहिलं नाव सांगून थांबला असेल तर त्याला तिथंच थांबायचं आहे.

टाळा: राजवाडा, लखुजीरावांची समाधी, रंगमहाल, मोती तलाव इथल्या दगडांवर चढून सेल्फी. २०२४च्या उन्हाळ्यात समाधीच्या परिसरात पुरातत्त्व विभागाच्या खोदकामात मंदिराचा पाया आणि शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती निघाली. म्हणजे पायाखाली अजून काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. कठड्यावर उभं राहून झेंडा फडकवणाऱ्यांना हे शांतपणे, पण सांगाच.

टाळा: ‘आलोच आहोत तर’ म्हणत त्याच दिवशी लोणार उरकणं. सरोवराला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला आहे. प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन उतरणाऱ्या हजारो पावलांची त्याला गरज नाही. वेगळा दिवस काढा, गोमुखाची धार आणि दैत्यसूदनाचं मंदिरही पाहा.

याच दिवसांत मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमाचा विवेकानंद जन्मोत्सव असतो. तो तिथीनं होतो, तारखेनं नाही. त्या बाजूनं येणार असाल तर पंचांग बघूनच निघा, नाहीतर रस्त्यात अडकाल.

गावात शिरताना

डिसेंबर २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांत लोकांचे केस पुंजक्या-पुंजक्यांनी गळू लागले. आरोग्य विभाग आला, आयसीएमआरची पथकं आली. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. काही महिन्यांनी नखांच्याही तक्रारी निघाल्या. आणि या सगळ्याबरोबर कॅमेरे आले. बाईला पदर काढायला सांगून डोक्यावर मोबाइल धरणारे आले. दोन-चार दिवसांत गावाचं नाव म्हणजेच टक्कल, असं होऊन बसलं. सोयरिकीच्या बोलण्यात गावाचं नाव आडवं येतं अशी तक्रार लोक करू लागले. आजार एकदाचा गेला तरी इंटरनेटवरचा तो फोटो जात नाही.

म्हणून टाळा: चेहरा, जखम, उघडं डोकं, औषधाची पिशवी यांचे फोटो. ‘जनजागृतीसाठी’ हे कारण चालणार नाही. परवानगी घेतली आहे, असं म्हणताना ती कुणाकडून घेतली तेही सांगा. बरेचदा ती सरपंचाकडून घेतलेली असते आणि फोटो निघतो त्याच्या वस्तीबाहेरच्या बाईचा.

करा: फोटो हवाच असेल तर तो कुठं छापला जाणार हे आधी सांगा, काढल्यावर दाखवा, ‘नको’ म्हटलं तर तिथंच पुसून टाका. समोरच्यानं पुसताना पाहिलं पाहिजे.

टाळा: खारपाणपट्ट्यात यजमानासमोर बिसलेरीची बाटली उघडून घटाघटा पिणं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि आमच्या घाटाखालच्या तालुक्यांतून जातो. विहिरीला पाणी आहे, पण ते खारट. त्यात डाळ शिजता शिजत नाही. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे मूत्रपिंडाच्या दुखण्यांच्या बातम्या वर्षानुवर्षं येताहेत. तुम्ही खारं पाणी प्यायलाच हवं असा हट्ट नाही. तब्येतीशी खेळ नको. आपलं पाणी गाडीतच पिऊन या आणि घरात दिलेला चहा घ्या. आणि ‘तुमचं पाणी कुठून येतं, किती दिवसांनी येतं, आरओच्या कॅनला किती पडतात’ हे विचारा. त्यावर माणसं तासभर बोलतात, कारण तो प्रश्न त्यांचा स्वतःचा आहे.

करा: जेवायला बसलात तर पंगतीत बसा, नेत्यांसाठी वेगळं टेबल नको म्हणा. रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण असेल तर बोलणं आपोआप थांबतं. जेवण झाल्यावर आपलं ताट उचला. समतेवर दोन तास भाषण देणाऱ्याचं खरकटं ताट उचलायला घरातली सून येते, तेव्हा भाषण कुणाच्याच लक्षात राहत नाही.

ज्या घरातला कर्ता गेला आहे

शेतकरी आत्महत्यांच्या अभ्यासाला येणारे गट पुष्कळ. या घरी जाण्याचे नियम कडक असावेत असं मला वाटतं, म्हणून इथं थोडं जास्त लिहितो.

टाळा: ‘नेमकं काय झालं होतं?’ हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर त्या घरातल्या बाईनं पोलिसांना, तलाठ्याला, तहसीलच्या समितीला, बँकेला, पत्रकारांना आणि दोन-तीन महाविद्यालयांना आधीच दिलेलं असतं. पोरगं दारात उभं राहून दरवेळी ऐकत असतं. तपशील हवा असेल तर तो आधीच्या कार्यकर्त्याकडून घ्या.

टाळा: दहा-पंधरा जणांनी एका खोलीत घुसणं. दोघींनी जावं. हो, दोघींनी, बाकीच्यांनी पाराजवळ थांबावं.

करा: कागद बघायला बसा. सरकारी मदत एक लाखाची, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, असा २००६ पासूनचा नियम. पण ती मिळते प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर. अपात्र ठरलं तर का ठरलं, तो कागद तिच्याजवळ आहे का? वारस फेरफार झाला का? सातबाऱ्यावर तिचं नाव आलं की दिराचंच राहिलं? पीककर्ज कुणाच्या नावावर फिरतंय? यातलं एक जरी काम तुमच्या गटातल्या कायद्याच्या विद्यार्थिनीनं तलाठी कार्यालयात बसून मार्गी लावलं, तर तो दौरा सत्कारणी लागला. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे ‘मकाम’, विदर्भ-मराठवाड्यात हेच काम करतो. त्यांच्या कार्यकर्त्यांशी आधी बोलून घ्या.

करा: पुन्हा या, किंवा फोन तरी करा. एकदा येऊन रडून गेलेल्यांची तिला मोजदाद नाही. ‘फेरफार झाला का ताई?’ असं दोन महिन्यांनी विचारणारा एखादाच.

टाळा: तिच्या हातात साडी किंवा पाकीट ठेवतानाचा फोटो. द्यायचं ते बँकेतून द्या, गुपचूप द्या.

सातपुड्याच्या पायथ्याला आणि सैलानीला

करा: जळगाव जामोद-संग्रामपूरच्या डोंगरपट्ट्यातल्या वस्त्यांवर जायचं तर कोरकू किंवा भिलाला बोली येणारं माणूस बरोबर घ्या, आणि त्याला दिवसाची मजुरी द्या. तुमची मराठी त्यांना समजते. त्यांचं मन मराठीत पूर्ण उतरतंच असं नाही. २००६च्या वनहक्क कायद्याखालचे दावे कुठं अडकलेत, ते ग्रामसभेच्या वहीत पाहा. अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वनखात्याची परवानगी आधी घ्या.

टाळा: स्वागताला नाच मागणं. सणाला नाचतील तेव्हा या.

सैलानी बाबांची यात्रा होळीच्या सुमारास भरते. पिंपळगाव सराईजवळच्या या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोन्ही येतात, नारळांची होळी पेटते, आणि मनानं आजारी असलेल्या माणसांना घेऊन थकलेली कुटुंबं दूरदूरून येतात. सामाजिक कार्याच्या विद्यार्थ्यांचे गट इथं जातात, जावंही.

करा: २०१७चा मानसिक आरोग्य कायदा आणि २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा वाचून जा. मनोरुग्णाला साखळीनं बांधणं बेकायदा आहे. असं दिसलं तर प्रशासनाला आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य पथकाला कळवा.

टाळा: भाविकांची टर उडवणं. ‘इतकी वर्षं डॉक्टर कुठं होते?’ असं त्या आईनं विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नसतं. तालुक्याच्या दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, हे लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवा. भाषणापेक्षा ती उपयोगी पडते.

मांडव घालणाऱ्यांनो

हा भाग घरच्यांसाठी, म्हणून स्पष्ट बोलतो.

टाळा: सत्कारांची माळ. अकराची परिषद दीडला सुरू होते, मग दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग व्यासपीठावर बसलेल्या एकोणीस जणांची नावं पदासह. पहिला मुद्दा मांडला जाईपर्यंत मागच्या रांगा चहाला गेलेल्या असतात. सत्कार करायचाच तर एक, आणि तो मांडव उभारणाऱ्याचा.

करा: ठराव जेवणाआधी घ्या. हा नियम एवढा एकच पाळला तरी पुष्कळ झालं. खेड्यातून आलेल्या बायकांना मुक्कामी गाडी पकडायची असते. ती चुकली तर रात्र तालुक्याच्या स्टँडवर. चार वाजले की त्या पिशव्या आवरून उठतात, आणि महिलांविषयीचे सगळे ठराव साडेपाचला पुरुष हात वर करून मंजूर करतात.

करा: प्रत्येक ठरावापुढे एक नाव आणि एक तारीख लिहा. शेतकरी संघटनेनं नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. तिथल्या विचारातून पुढं ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम निघाली. गावातल्या किमान शंभर शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली की ते गाव लक्ष्मीमुक्त. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यात गाजलं. ठराव सातबाऱ्यापर्यंत पोहोचतो तो असा. ‘ही परिषद तीव्र निषेध करते’ या वाक्याला तलाठी फेरफार नोंदवत नाही.

करा: शाहिराची बिदागी आधी ठरवा आणि त्याच दिवशी द्या. प्राध्यापक वक्त्याला प्रवासखर्च आणि मानधनाचं पाकीट, आणि डफ वाजवून सभा उभी करणाऱ्याला ‘चळवळीचंच काम आहे भाऊ’, हा भेद आपल्याच मांडवात चालतो.

करा: शौचालयांचा हिशेब खुर्च्यांच्या हिशेबाआधी करा. लहान लेकरांसाठी एक खोली, एक सतरंजी आणि सांभाळायला दोन माणसं. त्यातला एक पुरुष असावा.

करा: स्वयंसेवकांच्या पाळ्या लावा. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात सेवाधारी पाळीपाळीनं येऊन सेवा करतात, गर्दी असो की नसो. त्यांचे विचार तुम्हाला पटोत न पटोत, शिस्त शिकायला जायला हरकत नाही. मात्र तिथल्या भक्तनिवासाला परिषदेचा अड्डा करू नका. ती सोय वाऱ्या करणाऱ्यांसाठी आहे.

करा: परदेशी पाहुणा बोलावताय तर व्हिसाचा प्रकार तपासा, परिषदेसाठीचा व्हिसा वेगळा असतो. घरी मुक्कामाला ठेवलं तर तशी माहिती चोवीस तासांत सरकारकडे भरावी लागते. पाहुण्यानं उत्साहानं हातावर डॉलर ठेवले तरी संस्थेची परकीय देणगीची नोंदणी नसेल तर ते घेऊ नका, मग ते कितीही प्रेमानं दिलेले असोत.

टाळा: गोऱ्या पाहुण्याला मधल्या खुर्चीत बसवून फोटोपुरतं वापरणं. गेल ऑम्वेट सत्यशोधक चळवळीच्या अभ्यासाला अमेरिकेतून आल्या, मराठी शिकल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात घर केलं, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २०२१मध्ये तिथंच गेल्या. पाहुणीला मांडव सोडून बांधावर बसवा. त्यातली एखादी राहीलही.

इथून बाहेर जाताना

करा: ६ डिसेंबरला चैत्यभूमीला निघालात तर विशेष गाड्यांची वेळ आठवडाभर आधी बघा आणि लेकरांच्या खिशात घरच्या दोन नंबरांची चिठ्ठी ठेवा. शिवाजी पार्कवर पुस्तकांसाठी घरूनच वेगळे पैसे काढून ठेवा. दादरला पोहोचल्यावर ते उरत नाहीत.

करा: शाळेची सहल वॉटर पार्कऐवजी एकदा तरी नायगावला न्या. सातारा जिल्ह्यातलं हे सावित्रीबाईंचं जन्मगाव. पुण्यात फुलेवाडा दाखवा. भिडेवाडा दाखवायचा असेल तर मुलांना आधीच सांगा की जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली, स्मारकासाठी. नाहीतर मुलं वाडा शोधत राहतात आणि गुरुजी गडबडतात.

करा: महाडला २० मार्चला जाताना किंवा २५ डिसेंबरला जाताना कोणता दिवस कशाचा, हे बसमध्येच सांगून टाका. १९२७च्या मार्चात चवदार तळ्याचं पाणी, डिसेंबरात मनुस्मृतीचं दहन. दोन्ही एकच समजून घोषणा देणारे मोठ्या संख्येनं भेटतात.

टाळा: तिथून आल्यावर गावातल्या पाणवठ्याविषयी गप्प राहणं. २०१६चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात आहे, आणि तो फक्त कोकणासाठी नाही.

पुढच्या वेळची तारीख ठरवताना

करा: पिकाकडे बघून तारीख धरा. जूनमध्ये पेरणी. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणी. तिथून थंडीभर कापसाची वेचणी, आणि ती किलोवर असते; बाई सभेला बसली तर तेवढे किलो बुडाले. मजुरी भरून देणार असाल तरच त्या दिवसांत दुपारची बैठक लावा. फेब्रुवारी-मार्चात हरभरा, गहू. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई आणि टँकरची वाट बघणं. भीमजयंतीच्या मिरवणुकाही १४ तारखेला संपत नाहीत. गावोगाव आपापल्या दिवशी महिनाअखेरपर्यंत चालतात. पेरणी आणि सोंगणीच्या मधे निंदण-डवरणी आटोपून पोळा येतो, तेव्हा थोडी उसंत.

करा: एरवी सभा गावातच आणि रात्री साडेआठला लावा, भाकरी थापून झाल्यावर. दहाला भोंगा बंद करावाच लागतो, म्हणजे हातात दीड तास. त्यात बाहेरून आलेल्यांनी मिळून वीस मिनिटं बोलावं, आणि ती वीस मिनिटं शेवटी ठेवावीत.